आधी घरचा प्लग बघा, मग गाडी: ऑकलंडला नवीन आलेल्यांसाठी

मंडळी, गेल्या दोन महिन्यांत चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला, की "दादा, ट्रेड मीवर (इथली खरेदी-विक्रीची वेबसाइट) आऊटलँडर प्लगइन स्वस्तात दिसतेय, घेऊन टाकू का?" म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतोय. मी स्वतः अशी गाडी घेतली, तीन वर्षं चालवली आणि घेताना जे बघायला हवं होतं ते बघितलं नाही, त्यामुळे हे सगळं अनुभवाचं आहे.

आधी एक समजून घ्या. प्लगइन, म्हणजे प्लगइन हायब्रिड, ही प्लगला लावून चार्ज होणारी, वीज आणि पेट्रोल दोन्हीवर चालणारी गाडी. न्यूझीलंडमध्ये सेकंडहँड गाड्या भरपूर येतात त्या जपानमधून. तिकडेही आपल्यासारखंच उजवीकडे स्टिअरिंग, त्यामुळे तिथल्या लिलावातून उचलून जहाजाने इथे आणतात. मित्सुबिशी आऊटलँडर प्लगइन जपानमध्ये २०१३ ला आली, टोयोटाची प्रायस पीएचव्ही (पीएचव्ही म्हणजे प्लगइनच) त्याच्या थोडी आधी. म्हणजे इथे डीलरच्या यार्डात स्वस्तात उभ्या असलेल्या पहिल्या आऊटलँडरची बॅटरी दहा वर्षांच्या पुढे गेलेली आहे, आणि बॅटरी नुसती किलोमीटरने नाही तर वयानेही झिजते. इथलं रजिस्ट्रेशनचं वर्ष बघून फसू नका, जपानमध्ये पहिल्यांदा कधी रस्त्यावर आली ते बघा.

आता पैशाचं गणित, कारण सगळे इथेच चुकतात. १ एप्रिल २०२४ पासून प्लगइन हायब्रिडला आरयूसी लागतो, म्हणजे रस्ता वापरायचा कर, दर हजार किलोमीटरला ३८ डॉलर. पूर्ण इलेक्ट्रिकला ७६ आहे, प्लगइनवाले पेट्रोलमधूनही कर भरतात म्हणून त्यांना निम्मा. हा आधीच विकत घ्यायचा असतो आणि प्रत्येक खरेदीला वर फी लागते, म्हणून हजार-हजार करत बसू नका, पाच हजार एकदम घ्या. साध्या हायब्रिडला, म्हणजे टोयोटा ॲक्वा किंवा प्लग नसलेली प्रायस, तिला सध्या आरयूसी नाही. (पुढेमागे सगळ्याच गाड्यांना लावणार असं सरकारने सांगितलंय, पण आज घेताना आजचं गणित करा.)

समजा वीज ३० सेंटला युनिट आणि पेट्रोल २ डॉलर ७० सेंट लिटर. आऊटलँडर १०० किलोमीटरला साधारण २० युनिट खाते, म्हणजे ६ डॉलर, त्यात आरयूसीचे ३.८०, झाले ९ डॉलर ८०. ॲक्वा तेवढ्याच अंतराला साडेचार लिटर पिते, म्हणजे १२ डॉलरच्या आसपास. फरक किती, सव्वादोन-अडीच डॉलर! वर्षाला १२ हजार किलोमीटर धरले तरी तीनशेच्या आत, आणि तेही तुम्ही प्रत्येक किलोमीटर विजेवर चालवला तर. तीच आऊटलँडर चार्ज न करता नुसती पेट्रोलवर पळवली तर साडेआठ लिटर जातं, त्यावर आरयूसी, म्हणजे १०० किलोमीटरला जवळपास २७ डॉलर. ॲक्वाच्या दुपटीहून जास्त. म्हणून म्हणतो की प्लगइन ही गाडी चार्ज करणाऱ्याचीच आहे, नाहीतर तुम्ही बॅटरीचं ओझं पेट्रोल जाळून वाहताय.

मग फायदा कुणाला? ज्याला मोठी गाडी लागतेच त्याला. दोन मुलं, पुण्याहून आलेले आई-बाबा, मागे प्रॅम आणि किराणा, ऑफिस रोज २०-३० किलोमीटर, आणि घरी ड्राइव्हवेजवळ प्लग. या माणसाने साधी पेट्रोल एसयूव्ही घेतली असती तर नऊ-दहा लिटर जाळलं असतं, त्याला प्लगइन खरंच परवडते. पण एकूण पाच सीटच आहेत हं, या जुन्या प्लगइन आऊटलँडरला तिसरी रांग नाही. आणि सहा महिने सँडरिंगहॅमच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, गाडी रस्त्यावर लावणाऱ्या एकट्या मुलाने ही घेऊ नये, मी हात जोडून सांगतो. खिडकीतून एक्स्टेंशन कॉर्ड टाकून फुटपाथवरून चार्जिंग करणारे मी बघितलेत, ते धोक्याचं आहे.

प्लगचंही बघा. इथली जुनी लाकडी घरं, त्यातलं वायरिंगही जुनं असू शकतं. आम्ही माउंट रॉस्किलला भाड्याच्या घरात गॅरेजमधल्या साध्या तीन पिनच्या सॉकेटवर चार्ज करायचो, आणि पहिल्या आठवड्यात रात्री अकराला सहज प्लगला हात लावला तर चांगलाच गरम. घरमालकाला सांगून इलेक्ट्रिशियन आणला, सॉकेट आतून काळं पडलेलं निघालं. तेव्हापासून माझा नियम, चार्ज लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघायचाच. गाडीबरोबर जपानची केबल आली असेल तर ती पिन बदलून वापरू नका, इथल्या २३० व्होल्टसाठी मान्यता असलेली केबल घ्या. १२ युनिटची बॅटरी साध्या सॉकेटवर भरायला सहा-सात तास लागतात, म्हणजे रात्रभराचं काम. काही वीज कंपन्या रात्री ठरावीक वेळ वीज फुकट देतात, तसा प्लॅन मिळाला तर वरचं गणित छान सुधारतं. बाहेरच्या फास्ट चार्जरच्या भरवशावर मात्र घेऊ नका, बहुतेक आऊटलँडरना चाडेमोचं, म्हणजे जपानी पद्धतीच्या फास्ट चार्जिंगचं, सॉकेट असतं खरं पण तिथली वीज घरच्यापेक्षा बरीच महाग.

आता माझं काय झालं ते सांगतो. यार्डात गाडी चकाचक, डॅशबोर्डवर ३८ किलोमीटर रेंज दाखवत होती. चावी फिरवली, म्हणजे बटण दाबलं, की एक बाई गोड आवाजात जपानीत काहीतरी बोलायची, नंतर कळलं की ती टोलचं कार्ड घातलेलं नाही असं सांगतेय. माझ्या मुलीला ते वाक्य पाठ झालं, रोज सकाळी शाळेत जाताना ती बाईच्या बरोबर म्हणायची. आम्ही त्या ३८ वर खूष होऊन सही केली. जुलैमध्ये थंडी पडली आणि रेंज आली २२ वर, आणि हीटर लावला की इंजिन सुरूच. तेव्हा कळलं की जपानच्या खालच्या मॉडेलमध्ये इलेक्ट्रिक हीटर नसतो, गरम हवा हवी तर इंजिन पेटवावंच लागतं. एका मित्राचा ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारं छोटं यंत्र, लावला, फोनवर ॲप उघडलं, बॅटरीची क्षमता २४.६ ॲम्पिअर-अवर. नवीन असताना ती ३८ असते. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त बॅटरी गेलेली, आणि डीलरला विचारलं तर म्हणाला जुन्या गाडीचं असंच असतं.

डॅशबोर्डवरचा तो आकडा म्हणजे फक्त अंदाज आहे, आधीच्या चालवण्यावरून काढलेला. त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. डोंगल स्वस्तात मिळतो, आऊटलँडरसाठी खास ॲप आहेत, यार्डातच लावून बॅटरीची क्षमता बघा. डीलर लावू देत नसेल तर तिथूनच मागे फिरा. दुसरी परीक्षा याहून सोपी, आदल्या दिवशी फोन करून गाडी पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगा, ट्रिप मीटर शून्य करा, हीटर बंद ठेवून शहरात शांतपणे चालवा आणि इंजिन कधी सुरू होतं ते बघा. ३५ च्या पुढे गेली तर उत्तम. पंचविसाच्या आत सुरू झालं तर किंमत कितीही गोड असो, सोडा. मग हीटर पूर्ण लावून परत बघा.

प्रायसबद्दल दोन शब्द. जुनी प्रायस पीएचव्ही, ४.४ युनिटची, ती घेऊ नका. विजेवर जेमतेम १५-२० किलोमीटर जाते आणि आरयूसी मात्र तेवढाच ३८. २०१७ पासूनची ८.८ युनिटची फार चांगली गाडी आहे, हीटिंगही विजेवर होतं, फक्त सुरुवातीच्या मॉडेलमध्ये मागे दोनच सीट आहेत ते मोजून घ्या. आऊटलँडरमध्येच घ्यायची आणि बजेट असेल तर २.४ इंजिनची, १३.८ युनिट बॅटरीवाली बघा, ती जपानमध्ये २०१८ पासून आहे.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. यार्डातल्या प्रत्येक गाडीच्या काचेवर सीआयएन कार्ड, म्हणजे गाडीच्या माहितीचं कार्ड, हवं, त्यावर गाडी डॅमेज होऊन आयात झाली का ते लिहिलेलं असतं. जपानची ऑक्शन शीट, म्हणजे तिथल्या लिलावातला तपासणीचा कागद, मागा. गाडीवर कर्ज नाही ना ते पीपीएसआर या सरकारी नोंदवहीत काही डॉलरमध्ये कळतं. डब्ल्यूओएफ, म्हणजे गाडीच्या तपासणीचा दाखला, एक महिन्याच्या आतला हवा. काचेवरचा आरयूसीचा आकडा आणि ओडोमीटर जुळवा, आधीच्याने भरला नसेल तर बिल तुमच्या दारात येऊ शकतं. इन्शुरन्स भारतात असतो तसा इथे सक्तीचा नाही, पण निदान थर्ड पार्टी घेतल्याशिवाय यार्डाबाहेर पडू नका.

आणि शक्यतो रजिस्टर्ड डीलरकडूनच घ्या, कारण मग १९९३ चा कन्झ्युमर गॅरंटीज ॲक्ट, म्हणजे ग्राहक संरक्षणाचा कायदा, तुमच्या पाठीशी असतो, आणि भांडण झालंच तर मोटर व्हेइकल डिस्प्युट्स ट्रायब्युनलकडे जाता येतं, तिथे एक लाख डॉलरपर्यंतचे दावे चालतात. हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून मी गप्प बसलो. फेसबुक मार्केटप्लेसवर कुणा माणसाकडून खासगीत घेतली तर यातलं काहीच मिळत नाही. बॅटरीबद्दल डीलर जे तोंडी सांगेल ते ईमेलवर लिहून मागा, "ॲपवर इतका आकडा दिसला" असं.

माझा डोंगल घरीच पडून असतो, माउंट रॉस्किलला येऊन घेऊन जा, शनिवारी गाड्या बघा, रविवारी परत आणून द्या. आकडे वाचता येत नसतील तर यार्डातून स्क्रीनचा फोटो पाठवा, सही करायच्या आधी.