मंडईच्या आकाशात तीस ड्रोनचे चित्र कसे उभारावे

दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या, म्हणजे याच भागातल्या, नाटकाआधी संध्याकाळचा एखादा तास मोकळा मिळतो. त्या तासात आकाशात दिव्यांचे चित्र उभारायचे असेल, तर तीस ड्रोन पुरतात. मात्र तीस ड्रोनना काय पेलते, हे आधी ओळखले पाहिजे. २९ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीतल्या बीटिंग रिट्रीट सोहळ्यात एक हजार ड्रोन उडाले होते. ते दृश्य डोळ्यांपुढे ठेवून आराखडा काढू नये.

प्रत्येक ड्रोन हा रांगोळीतला एक ठिपका असतो आणि ठिपके जोडण्याचे काम पाहणाऱ्याचा डोळा करतो. दोन ड्रोनमध्ये दोन मीटर अंतर ठेवले, तर वीस मीटरच्या शिरोरेषेलाच अकरा ड्रोन खर्ची पडतात; म्हणून गावाचे नाव लिहिण्याचा हट्ट सोडावा. त्याऐवजी धानाची लोंबी, कंदील किंवा उडणारा सारस घ्यावा आणि त्याला हालचाल द्यावी. वाऱ्यावर झुकणारी लोंबी अठरा ठिपक्यांतही ओळखू येते, पण तेच ठिपके स्थिर राहिले तर लोक काय आहे ते विचारत बसतात. चित्र सपाट असल्यामुळे ते एकाच बाजूने नीट दिसते. म्हणून प्रेक्षक कुठे बसणार, हे ठरल्याशिवाय संगणकावर एकही रेघ काढू नये. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या संगणक प्रणालीत हालचाल रचून स्कायब्रश या मुक्त प्रणालीने तिचे उड्डाणमार्ग तयार करता येतात. मार्ग एकमेकांना छेदत नाहीत ना, हे तिथेच तपासावे.

साध्या जीपीएसची चूक काही मीटरपर्यंत जाते आणि दोन मीटरच्या अंतरात ती थेट टक्कर घडवते. त्यासाठी आरटीके लागते: जमिनीवर तिपाईवर रोवलेले एक स्थिर केंद्र दुरुस्तीचे संदेश पाठवते आणि ड्रोनची जागा काही सेंटिमीटरपर्यंत अचूक कळते. हे केंद्र झाडाखाली किंवा टिनाच्या छपराशेजारी ठेवू नये; ट्रॅक्टर आणि जनरेटर यांच्या लोखंडामुळे ड्रोनमधले होकायंत्रही चुकते. उड्डाणमार्ग आधीच प्रत्येक ड्रोनमध्ये भरून ठेवावा, कारण गर्दीतल्या शेकडो मोबाइलमुळे वायफायचा संपर्क ऐनवेळी तुटू शकतो.

उड्डाणासाठी धानाची रिकामी बांधी, म्हणजे खाचर, मोहात पाडते, पण धसकटांत पंखे अडकतात आणि ताडपत्री पंख्यांच्या वाऱ्याने फडफडते. शाळेचे सपाट मैदान बरे. कबड्डीचे मैदान आखतात तशी फक्कीने दोन-दोन मीटरची चौकट आखावी. सहा बाय पाचच्या मांडणीला दहा मीटर बाय आठ मीटर जागा पुरते.

सुरक्षित अंतराच्या बाबतीत मी कोणतीही तडजोड मान्य करत नाही. सत्तर मीटर उंचीवरून बंद पडलेला ड्रोन, हवेचा अडथळा न धरता, सुमारे पावणेचार सेकंदांत खाली येतो आणि सेकंदाला पाच मीटर वेगाने जात असेल, तर तेवढ्यात एकोणीस मीटर पुढे सरकतो. वारा त्यात भर घालतो. त्यामुळे चित्राची कमाल उंची जितकी, किमान तितके अंतर चित्राच्या जवळच्या कडेपासून प्रेक्षकांपर्यंत मोकळे ठेवावे, आणि मधल्या जागेत दोर बांधून माणसे उभी करावीत. मुले उत्साहाने पुढे धावतात, हे गृहीतच धरावे.

ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे डिजिटल स्काय या सरकारी ऑनलाइन मंचावरचा नकाशा पाहावा. हिरव्या क्षेत्रात, म्हणजे पूर्वपरवानगी न घेता उडवता येते त्या भागात, सर्वसाधारणपणे ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर, ही मर्यादा आहे. प्रत्येक ड्रोनचा नोंदणी क्रमांक लागतो आणि अडीचशे ग्रॅमहून जड ड्रोनला तिसऱ्या पक्षाचा विमाही लागतो. पोलीस ठाण्यात लेखी कळवावे. तलावावर सारस किंवा इतर पक्षी रात्री उतरत असतील, तर ती जागा सोडून द्यावी.

विजेचा भरवसा नसल्याने बॅटऱ्या आदल्या रात्रीच भराव्यात. बारा मिनिटे उडणाऱ्या ड्रोनसाठी प्रयोग सात-आठ मिनिटांचाच ठेवावा, म्हणजे उतरताना चौथा हिस्सा शिल्लक राहतो. दव पडण्याआधी, सातच्या सुमारास सुरुवात करावी आणि त्याआधी दुकानदारांना विनंती करून मैदानाकडचे हॅलोजन बंद करून घ्यावेत.