लेकरांना जुने व्हिडिओ गेम कसे लावायचे

उन्हाळ्याच्या सुट्टीत लातूर-नांदेडकडं लेकरं दुपारभर मोबाईलवरच असतात, त्यांना जुने गेम दाखवायचे असतील तर डायरेक्ट कॉन्ट्रा हा गोळीबाराचा गेम देऊ नका, एक गोळी लागली की लाइफ गेली, नवीन पोरगं वैतागून उठतंय. सुरुवात टेट्रिसनं, म्हंजी वरून पडणारे ठोकळे रचायच्या गेमनं करा, १९८४ चा गेम हाय पण आजबी काही शिकवावं लागत नाही. मग १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स. पहिल्या लेव्हलला गूम्बा नावाचा छोटा शत्रू समोरून येतो अन् उडी मारायची हे आपोआप कळतं, म्हणून मधी बोलू नका, मरू द्या मारिओला दोन-चारदा, तिथंच गोडी लागती. बटणाचा कंट्रोलर घ्याच, टचवर उडीचा टायमिंग बसत नाही. कॉन्ट्रा शेवटी, अन् तुम्ही सोबत बसून, दोघांनी मिळून खेळण्यातच त्याची खरी मजा हाय.