कीकॅडकडे वळताना पहिला बोर्ड जुनाच घ्यावा

परवान्याची मुदत संपली म्हणून स्वतःच काढलेला आराखडा स्वतःलाच उघडता येऊ नये, अशी वेळ ज्यांना येऊ द्यायची नाही त्यांनी इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड आखण्याचे कीकॅड हे सॉफ्टवेअर जरूर वापरून पाहावे. ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये फ्रान्समध्ये सुरू केलेल्या या मुक्त प्रणालीच्या विकासाला पुढे सर्न या संशोधन संस्थेने मोठा हातभार लावला.

सुरुवातीला नवा प्रकल्प हाती घेऊ नये. पूर्वी तयार होऊन तपासून झालेला एखादा लहान, दोन थरांचा बोर्ड कीकॅडमध्ये पुन्हा काढावा, म्हणजे काही बिघडल्यास दोष सर्किटचा की नव्या साधनाच्या सवयीचा, हा संभ्रम उरत नाही. ईगल या बोर्ड आखण्याच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या फाइली थेट आयात करता येतात. परंतु आयातीनंतर तांब्याचे भराव (बोर्डावरील मोकळी जागा व्यापणारे तांब्याचे भाग) पुन्हा भरून घ्यावेत आणि ईआरसी (विद्युत जोडण्यांची) व डीआरसी (बोर्डाच्या मापांच्या नियमांची) या दोन्ही तपासण्या चालवाव्यात. बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याची ट्रॅकची (तांब्याच्या वाहक रेषेची) किमान रुंदी, दोन ट्रॅकमधील अंतर आणि छिद्राचा व्यास हे आकडे ट्रॅक ओढण्यापूर्वीच नियमांत भरावेत.

सर्वाधिक चुका फूटप्रिंटमध्ये, म्हणजे सुटा भाग बोर्डावर बसवण्याच्या जागेच्या मांडणीत, होतात, असे माझे ठाम मत आहे. म्हणून आराखडा कागदावर मूळ मापात छापून प्रत्यक्ष कनेक्टर आणि आयसी त्यावर ठेवून पाहावेत. तपासलेले फूटप्रिंट प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच, स्वतःच्या लायब्ररीत जपावेत. कीकॅडच्या फाइली मजकूर स्वरूपात असल्याने गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात प्रत्येक बदलाची नोंद राहते. मात्र नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेतील सर्व संगणकांवर आवृत्ती एकाच वेळी बदलावी.

सिम्युलेशनसाठी, म्हणजे सर्किट संगणकावरच चालवून पाहण्यासाठी, एनजीस्पाइस हे साधन कीकॅडमध्येच मिळते. महाविद्यालयांनी आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे ईसिम हे सर्किट आखणी व सिम्युलेशनचे सॉफ्टवेअरही पाहावे. त्याची उभारणी याच दोन साधनांच्या आधारावर झाली आहे.

बोर्ड मुक्त हार्डवेअर म्हणून प्रसिद्ध करायचा असल्यास केवळ गर्बर फाइली (कारखान्याला बोर्ड बनवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या फाइली) देऊन भागत नाही, कारण त्यांवरून बोर्ड बनवता येतो, पण सुधारणे फार कठीण जाते. स्कीमॅटिक (सर्किटची आकृती), लेआउट (बोर्डावरील मांडणी) आणि सुट्या भागांची यादी मूळ स्वरूपात द्यावी आणि सोबत परवाना जोडावा. सर्नच्या मुक्त हार्डवेअर परवान्याच्या २०२० मधील दुसऱ्या आवृत्तीचे तीन प्रकार आहेत. सुधारित बोर्ड बनवून देणाऱ्याने आपले बदलही खुले करावेत अशी अपेक्षा असेल तर ‘एस’ घ्यावा; तशी अट नको असेल तर ‘पी’ पुरेसा आहे; ‘डब्ल्यू’ या दोहोंच्या मधला आहे.