जुना ग्रामोफोन घेताना-विकताना या चुका टाळा

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कर्णा बघून भाव ठरवणं. चोर बाजारापासून ऑनलाइन जाहिरातींपर्यंत जो चकचकीत पितळी कर्ण्याचा 'एचएमव्ही' दिसतो, तो बहुतेक वेळा अलीकडे जुळवलेला असतो: नवी पेटी, नवा कर्णा आणि आत एखाद्या जुन्या पोर्टेबल पेटीची, चावीच्या स्प्रिंगवर चालणारी मोटर. अशी वस्तू शोभेसाठी घ्यायला हरकत नाही, पण ॲंटिकचे पैसे मोजू नका.

ओळखायचं कसं? अष्टकोनी किंवा गोल पेटी, तिच्यावर नक्षीदार पितळी पट्ट्या आणि कुत्र्याचं कोरं करकरीत चिन्ह, एवढं एकत्र दिसलं की सावध व्हा. मग तबकडीची थाळी उचलून मोटरबोर्डाचे (मोटर बसवलेल्या फळीचे) स्क्रू काढायला सांगा. आत बॅटरीचा प्रकाश टाका. जुन्या पेटीचं लाकूड आतून काळवंडलेलं, धूळ-तेल मुरलेलं असतं. ताजी करवत, फिकट लाकूड, मोटरच्या पायांशी न जुळणारी जादा भोकं दिसली तर ती जोडजमव आहे. विक्रेता पेटी उघडू देत नसेल तर सौदा सोडून द्या.

चावी भरून तबकडी फिरली म्हणजे मोटर चांगली, हाही गैरसमज. तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अडकवा आणि गाणं चालू असताना ३० सेकंदांत किती फेरे होतात ते मोजा. ३९ आले म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांचा वेग बरोबर. हीच मोजणी १० इंची तबकडीच्या शेवटी पुन्हा करा. वेग पडत असेल तर स्प्रिंग थकली आहे किंवा ग्रीस सुकलं आहे. 'धप्प' आवाज करत धक्के बसत असतील तर स्प्रिंगचे वेढे चिकटून अचानक सुटत आहेत. ड्रम (स्प्रिंग बसवलेला गोल डबा) साफ करून ग्रॅफाइट ग्रीस भरावं लागेल. चावी कितीही फिरवली तरी जोर लागत नसेल तर स्प्रिंग तुटली किंवा हुकातून सुटली आहे. चावी पूर्ण उतरू दिल्याशिवाय मोटरला हात लावू नका. उतरल्यावरही ड्रममध्ये कोंबलेली स्प्रिंग उसळून बोटं कापते, त्यामुळे ड्रम घरी उघडू नका. नवी स्प्रिंग मागवताना फक्त मॉडेलचं नाव पुरत नाही. रुंदी, जाडी, लांबी आणि टोकाला भोक आहे की हुक, हे चारही सांगा.

आवाज फाटतो म्हणून लोक पूर्ण साउंडबॉक्स, म्हणजे पिनेची थरथर आवाजात बदलणारा गोल डबा, बदलतात. बहुधा दोष अभ्रकाच्या पडद्याभोवतीच्या रबरी नळीचा असतो. ती कडक झाली की पडदा खुळखुळतो. दोन्ही बाजूंची नळी आणि मागचं रबर बदला. अभ्रकाचे पापुद्रे सुटले असतील तरच पडदा बदला. १९२५ नंतरच्या ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोलाच्या (व्हिक्टर कंपनीच्या ग्रामोफोनच्या) साउंडबॉक्सचं जस्तमिश्रित ओतीव धातू फुगतं, चिरतं. तो खोलायचा प्रयत्न केला तर तुकडे हातात येतात. असा भाग विकत घेताना भिंगाने चिरा बघा.

एडिसनच्या 'डायमंड डिस्क' तबकडीवर स्टीलची पिन कधीच टेकवू नका. या तबकडीच्या खाचेतली लहर खाली-वर असते, आपल्या नेहमीच्या तबकडीची आडवी. एकदाच वाजवलं तरी तबकडी खराब होते. सिलिंडरमध्येही (नळकांड्याच्या आकाराच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांमध्ये) दोन मिनिटांचा आणि चार मिनिटांचा रिप्रोड्युसर, म्हणजे खाचेतून आवाज काढणारा भाग, वेगळा. चार मिनिटांच्या बारीक खाचेवर दोन मिनिटांचा लावू नका.

विकणाऱ्यांची मोठी चूक म्हणजे विक्रीआधी 'नवं करणं'. जुन्या कॅबिनेटवर चपडीचं (लाखेचं) पॉलिश असतं. स्पिरिट किंवा थिनर लावला की ते विरघळतं, सोबत कंपनीचं सोनेरी चिन्हही जातं, आणि ते परत येत नाही. मळ काढायचा तर कापडावर थोडं टर्पेंटाइन घेऊन आधी मागच्या कोपऱ्यात करून बघा. निकेलच्या मुलाम्यावर ब्रासो घासू नका, खालचं पितळ उघडं पडतं. उचकटलेल्या व्हिनिअरला (लाकडाच्या पातळ पापुद्र्याला) सरस वापरा. पांढरा गोंद नंतर सुटत नाही, त्यामुळे पुढच्या कारागिराची वाट लागते. बदललेला प्रत्येक भाग जाहिरातीत लिहा आणि काढलेला मूळ भाग सोबत द्या.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी घेत असाल तर १९७२चा पुरावस्तू कायदा लक्षात ठेवा: १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगीरीत्या बाहेर नेता येत नाही. पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा.

गावोगावी पाठवताना चावी उतरवा, साउंडबॉक्स, थाळी आणि हँडल काढून वेगवेगळे गुंडाळा, कर्णा स्वतंत्र खोक्यात द्या. थाळी जागेवर ठेवून पाठवली तर धक्क्याने मधला दांडा वाकतो आणि मग ती डगमगत फिरते.