पोर्तुगालच्या कागदावर जुनी फ्रेगेझिया लिहिलेली असेल तर कुठलं ऑफिस गाठायचं

माझा भाचा भुसावळचा, सध्या लिस्बनला आहे, त्याला रहिवासी दाखला पाहिजे होता आणि घरमालकाच्या जुन्या कागदावर फ्रेगेझिया म्हणून आंजुश लिहिलेलं, त्या नावाचं ऑफिसच सापडेना, दोन दिवस गेले त्यात, म्हणून हे लिहून ठेवतोय.

फ्रेगेझिया म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखं सगळ्यात खालचं सरकार, फक्त ते शहरातही असतं. आधी कागदाची तारीख बघा. २०१३ च्या आधीचा असेल तर सावध व्हा, कारण कर्जाच्या संकटानंतर खर्च कमी करायचा म्हणून त्या वर्षी ४,२५९ फ्रेगेझियांच्या सुमारे ३,१०० करून टाकल्या, आपल्याकडे दोन-तीन गावांची ग्रुप ग्रामपंचायत असते ना तसं. आंजुशचं नाव मेट्रो स्टेशनवर अजून आहे, पण कारभार गेला, त्याचा मोठा भाग आता अरॉयुशमध्ये आहे.

मग कोन्सेल्यु नक्की करा, म्हणजे नगरपालिकेची हद्द. एकाच नावाच्या फ्रेगेझिया बऱ्याच सापडतात, आपल्याकडे पिंप्री म्हटलं की कुठली पिंप्री विचारावं लागतं तसंच. पुष्कळ ठिकाणी नव्या नावातच जुनी नावं असतात, जसं कश्काइश आणि इश्तोरिल यांचं एकत्र युनियन.

आणि जुन्या माहितीवर विसंबू नका, २०२५ मध्ये १३५ युनियन तोडून परत ३०२ फ्रेगेझिया केल्यात, त्यामुळे त्या ऑक्टोबरच्या निवडणुकीनंतरचीच माहिती धरा.

ऑफिसात जी बसते ती जुंता, म्हणजे फ्रेगेझियाचं कारभारी मंडळ. प्रेसिडेंट आपल्या सरपंचासारखा वेगळं मत देऊन निवडत नाहीत, फ्रेगेझियाच्या सभेसाठी उमेदवारांची जी यादी जिंकते तिच्यातला पहिला माणूस प्रेसिडेंट होतो. १५० किंवा त्याहून कमी मतदार असतील तिथे निवडलेली सभाच नसते, सगळे मतदार मिळून बसतात, अगदी ग्रामसभा! मला हे फार आवडलं.

बाप्तिस्म्याची नोंद हवी असेल तर चर्चची पॅरिश, म्हणजे एका चर्चचा परिसर, वेगळी, नाव सारखं असलं तरी जुंतात जाऊन उपयोग नाही.

जाण्याआधी फोन करून कागद विचाराच, प्रत्येक जुंताची पद्धत थोडी वेगळी असते, भाच्याला त्याच फ्रेगेझियाच्या मतदार यादीतले दोन साक्षीदार मागितले, खालच्या दुकानवाल्या मावशी आणि त्यांचा मुलगा आले म्हणून काम झालं.