थंडीचा मफलर, कानटोपी आणि हातमोजे घरी विणायचे असतील तर

दिवाळी सरली की आमच्या नाशिकला सकाळचं अंगणात उभं राहवत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत शेजारी निफाडला पारा ५-६ अंशांवर आला की द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. तेव्हा लोकर आणायला गेलं तर उशीर झालेला असतो, म्हणून विणायला आत्ताच बसा. स्वेटर नको लगेच, त्यात मुंढे, गळा, बाह्या असं बरंच येतं आणि नवीन माणूस मध्येच सोडून देतो. मफलर, टोपी आणि बिनबोटांचे हातमोजे, हे तीन झाले की हात बसतो.

लोकर कुठली घ्यायची हा पहिला प्रश्न. दुकानात जी सर्रास मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते, तिला लोकर म्हणतात एवढंच, पण शिकायला ती चांगली, स्वस्त पडते आणि धुवायला सोपी. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम पण जाडीभरडी, गळ्याला टोचते. मऊ, चार पदरी, फिकट रंगाची घ्या, गडद काळ्या-निळ्यावर टाके दिसत नाहीत आणि रात्री ट्यूबलाइटमध्ये तर अजिबात नाही. मफलरला २०० ग्रॅम तरी लागते, टोपीला १०० ग्रॅममध्ये होऊन थोडी उरते, हातमोज्यांना ५०-६०. सगळी एकदम घ्या आणि लेबलवरचा लॉट नंबर सगळ्या गुंड्यांवर एकच आहे ना ते दुकानातच बघा, नाहीतर घरी आल्यावर दिव्याखाली सारखे दिसणारे दोन गुंडे उन्हात वेगळे निघतात आणि मफलरच्या मधोमध पट्टा उठतो.

सुया ८ नंबरच्या घ्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या, आणि बॉर्डरसाठी १० नंबरच्या. आपल्याकडे नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे आधी कोणी सांगत नाही आणि लोक उलटं घेऊन येतात. याशिवाय एक बोथट टोकाची लोकरीची सुई, एक क्रोशाची सुई आणि शिंप्याची टेप, बस.

आता खरी गोष्ट सांगते, जी मला सगळ्यात कळकळीने सांगायची आहे. मी पहिली टोपी बाबांसाठी विणली होती, लिहिलेलं होतं १०० टाके म्हणून १०० घातले, दहा दिवस रोज रात्री बसून पुरी केली आणि ती बाबांच्या कपाळाच्या खाली उतरेचना. माझी वीण घट्ट होती आणि लिहिणारीची सैल, एवढंच कारण. मग काकूने मला सगळी उसवायला लावली आणि आधी तुकडा विणून घेतला. तेव्हापासून तुकडा विणल्याशिवाय मी काहीही सुरू करत नाही, आणि तुम्हीही करू नका. ३० टाके घाला, एक ओळ सुलट (लोकर मागे ठेवून) एक ओळ उलट (लोकर पुढे ठेवून) असं ३५ ओळी विणा, टाके बंद करून सपाट ठेवा, ओढू नका, आणि मधल्या १० सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. ८ नंबरवर माझे २२ येतात. तुमचे २४ आले तर ११० टाक्यांची टोपी ५० सेंटीमीटरऐवजी ४६ ची होणार, म्हणजे मोठ्या माणसाला घट्ट. मग सुई एक नंबर जाड घ्या, ७ ची. २० आले तर बारीक, ९ ची. खालचे आकडे २२ च्या हिशोबाने आहेत.

मफलर एकदम साधा. अंगठ्यावर लोकर घेऊन टाके घालायची पद्धत येत असेल तर शेपूट, म्हणजे लोकरीचं सुटं टोक, दर टाक्याला दोन सेंटीमीटर धरा, ४४ टाक्यांना मीटरभर सोडा, उरली तर उरली. ४४ टाके घातले की प्रत्येक ओळ सुलटच विणत जायचं, दोन्ही बाजूंनी. त्याने आडव्या उंचवट्यांची वीण येते, कडा गुंडाळत नाही आणि उंचवट्यांमध्ये हवा अडकून राहते म्हणून ऊब जास्त. खूप जण सुलट-उलट विणतात कारण ती वीण गुळगुळीत दिसते, पण तो मफलर दोन्ही बाजूंनी आत वळून नळी होतो आणि कितीही दाबा, सरळ होत नाही. ओळीचा पहिला टाका न विणता दुसऱ्या सुईवर घ्यायचा, लोकर पुढे ठेवून, मग ती मागे न्यायची आणि विणायला लागायचं, कड साखळीसारखी नीट येते. नवीन गुंडा नेहमी कडेला जोडा, मध्ये नको, आणि गाठ मारू नका, दोन्ही शेपटं बोटभर लांब सोडा, नंतर सुईने विणीत लपवता येतात. दीड मीटर झाला की थांबा, पण मोजताना टेबलावर सपाट ठेवून मोजा कारण ही वीण लांबीत ओघळते, हातात धरून दीड मीटर भरला असेल तर टेबलावर तो कमीच निघतो.

टाका सुटला तर घाबरू नका, यात भल्याभल्यांचा धीर जातो आणि खरं तर दोन मिनिटांचं काम आहे. सुटलेल्या टाक्याच्या वर सुईपर्यंत शिडीसारख्या आडव्या काड्या दिसतात. काम हलवू नका, सुटलेल्या गोल फासात क्रोशाची सुई पुढून घाला, त्याच्या लगेच वरची काडी आकड्यात पकडा आणि फासातून बाहेर ओढा, झाला एक टाका. मग पुढची काडी. असं चढत चढत वर आलात की टाका डाव्या सुईवर ठेवून द्यायचा. ही पद्धत गुळगुळीत बाजूची, म्हणून रिबमध्ये, म्हणजे सुलट-उलट टाक्यांच्या उभ्या रेघांच्या विणीत, जी रेघ सुलट दिसते त्या बाजूने करा. मफलरच्या विणीत एक काडी पुढून आणि पुढची मागून अशी आळीपाळीने घ्यावी लागते.

टोपीचं गणित असं: डोक्याचा घेर कानांच्या वरून मोजा, त्यातून ५-६ सेंटीमीटर कमी करा कारण टोपी ताणून बसली पाहिजे, आणि येईल त्याला २.२ ने गुणा. ५६ चा घेर असेल तर ५० गुणिले २.२, ११० टाके. १० नंबरच्या सुयांवर ११० घाला आणि दोन सुलट दोन उलट अशी रिब, ओळ दोन सुलटवर संपेल. उलट बाजूची ओळ दोन उलटने सुरू होते. इथे नवीन लोक एक चूक हमखास करतात, सुलटवरून उलटवर जाताना लोकर दोन सुयांच्या मधून पुढे आणायची असते, ती सुईच्या वरून आणली की एक टाका आपोआप वाढतो आणि चार ओळींनी ११० चे ११८ होतात. म्हणून पहिल्या दहा ओळी तरी प्रत्येक ओळीला मोजा.

सहा सेंटीमीटर रिब झाली की ८ नंबर घ्या आणि सुलट-उलट, एकूण १६ सेंटीमीटर होईपर्यंत. कान पूर्ण झाकायचे असतील, वयस्कर माणसासाठी असेल तर १९ पर्यंत जा. मग घटवायचं: नऊ सुलट, दोनाचा एक (दोन टाके एकत्र विणून एक), असं ओळभर, १०० उरतात. परतीची ओळ सगळी उलट. पुढे आठ सुलट आणि दोनाचा एक, ९० उरतात, असं दर सुलट ओळीला मधला आकडा एकेक कमी करत जायचं, एक सुलट आणि दोनाचा एक झालं की २० उरतात. परतीची उलट ओळ झाली की एकदा ओळभर सगळे दोनाचे एक, उरले १०. लोकर हातभर ठेवून तोडा, सुईत ओवून दहाही टाक्यांतून काढा, गच्च ओढा, दोनदा फिरवा आणि त्याच शेपटाने मागची शिवण घाला. शिवताना दोन्ही कडांचा एकेक टाका आत जातो, म्हणजे बॉर्डरवर कडेच्या दोन-दोन सुलटमधला एकेक उरून रिब अखंड दिसते, शिवण शोधावी लागते. तान्ह्या बाळासाठी विणत असाल तर लांब नाड्या लावू नका, केसाळ लोकरही नको, तंतू तोंडात जातात.

हातमोज्यांना ४२ टाके, ८ नंबर, संपूर्ण दोन-दोनची रिब, १८ सेंटीमीटर. टाके बंद करताना उजव्या हातात एक नंबर जाड सुई घ्या, नाहीतर कड आवळते आणि हात आत जात नाही. दुमडून मनगटाकडून १० सेंटीमीटर शिवायचं, साडेचार अंगठ्यासाठी मोकळं, वरचं उरलेलं शिवून टाकायचं. डावा-उजवा भेद नाही. पहाटे स्कूटी चालवणाऱ्याला वारा पूर्ण अडत नाही यांनी, पण ओट्याशी, कॉम्प्युटरवर, भाजीच्या गाड्यावर सुटे पैसे मोजताना फार कामाचे.

धुताना गार पाणी आणि थोडं शाम्पू, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि खाटेवर सावलीत पसरून वाळवायचं. दोरीवर टाकलं की पाण्याच्या वजनाने मफलर वीतभर लांबतो. ॲक्रिलिकवर इस्त्री फिरवू नका, विणीतला ताण कायमचा जातो आणि टोपी डोक्यावरून घसरायला लागते.