कोयत्याला दगडावर धार कशी लावावी

जांभ्याच्या चिऱ्यावर कोयता घासू नका. गडगा जांभ्याचा, पायरी जांभ्याची, म्हणून हात तिकडेच जातो. पण जांभा सच्छिद्र असतो, त्यातले कडक खडे सुटतात आणि धारेला खांडं पाडतात. ग्राइंडर त्याहून वाईट. कडेवर निळी झाक दिसली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, ती धार आता टिकणार नाही.

दगड. ओढ्यातला काळा दगड, भोकं आणि पांढरे ठिपके नसलेला. तो सावकाश घासतो, पण कड छान देतो. सिंधुदुर्गात बारीक कणांचा वाळूखडक मिळाला तर सुरुवात त्यावर करा. त्यातली गार (क्वार्ट्झ) पोलादापेक्षा कडक, काम लवकर होतं. दोन दगड हवेत: एक वीतभर लांब, सपाट, दुसरा मुठीत मावेल असा लांबट, गोल पाठीचा. सपाट दगडाला उंचवटा असेल तर वाळू-पाणी घालून दुसऱ्या दगडावर घासून काढा.

सफाई. फणसाचा चीक खोबरेलाने पुसा, मग साबणाने तेल काढा. नाहीतर दगड चिकटून गुळगुळीत होतो. दगडावर फक्त गोडं पाणी, तेल नको. खाडीचं पाणी तर मुळीच नको.

कोन. स्वयंपाकाच्या सुरीला दर बाजूला 15 ते 20 अंश, कोयत्याला 25 च्या आसपास. कोनमापक लागत नाही: चार सेंटिमीटर रुंद सुरीची पाठ दगडापासून एक ते दीड सेंटिमीटर उचला, सहा सेंटिमीटर रुंद कोयत्याची अडीच. कडेवर मार्करने रेघ ओढा आणि दोन-तीन हात मारून बघा. शाई पाठीकडून पुसली आणि धारेशी राहिली तर पातं फार झोपलंय. नुसती धारेशी पुसली तर फार उभं.

आतला बाक. बहुतेकांचं इथेच बिघडतं. कोयत्याची धार बाकाच्या आतल्या बाजूला. सपाट दगडावर ती बसतच नाही; जबरदस्तीने बसवली तर टोक आणि मूठीकडची बाजू झिजते, मध्ये बोथट राहते. म्हणून इथे पातं स्थिर आणि दगड फिरता. कोयत्याची पाठ ओंडक्यावर टेकवा, मूठ डाव्या हातात घट्ट धरा. गोल पाठीचा ओला दगड त्याच कोनात मूठीकडून टोकाकडे लहान लहान वर्तुळांत फिरवा. बोटं दगडाच्या मागच्या अंगाला ठेवा, धारेच्या रेषेपुढे एकही बोट येता कामा नये.

“पाच हात या बाजूला, पाच त्या बाजूला” हा सल्ला विसरा. हात मोजायचे नसतात, कड चाचपायची असते. एक बाजू पुरेशी घासली की धातूची बारीक खरखरीत कड पलीकडे वळते. अंगठा पाठीकडून धारेकडे, बाहेरच्या दिशेने सरकवला की ती लागते. धारेच्या लांबीवर अंगठा कधीही फिरवायचा नाही. ही वळलेली कड मूठीपासून टोकापर्यंत सलग लागेपर्यंत बाजू बदलू नका. मध्ये कुठे लागली नाही, तर तिथे घासणं धारेपर्यंत पोचलेलंच नाही, आणि मग दुसरी बाजू कितीही घासा, तेवढा भाग बोथटच.

दोन्ही बाजू झाल्या की दाब कमी करत आळीपाळीने एकेक हात, शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून ओढा. वळलेली कड तशीच राहिली तर कोयता पहिल्या झावळीला वस्तऱ्यासारखा वाटतो आणि तिसरीला धार मोडते.

तपासणी. धार उन्हाकडे धरा. चमकणारी रेघ म्हणजे बोथट जागा. तेवढीच पुन्हा घासा.

विळीलाही असाच हातात दगड घेऊन. मासे कापायची असेल तर पट्ट्यावर फार ओढू नका, थोडी खरखरीत धार कातडीला पकड देते. गवताच्या दातेरी विळ्याला या दगडाने हात लावू नका, दाते जातात.

कोयता धुऊन लगेच कोरडा करा आणि खोबरेलाचं बोट फिरवा. पावसाळ्यात ओला कोयता कंबरेच्या आकडीत अडकवून ठेवलात तर एका रात्रीत गंज धरतो.